डबा उघडण्याआधी: स्टीलची तयारी, रंग आणि तपासणी

रंगाला आलेला फोड चाकूच्या टोकाने उघडला की बहुतेक वेळा कारण आतच सापडतं. एका साठवण टाकीवर मी असाच एक फोड उघडला होता. रंग लागून वर्षही झालं नव्हतं. वाटाण्याएवढा फोड, वरचा कोट अजून चकचकीत, आत थेंबभर पाणी आणि त्याखाली काळं पडलेलं लोखंड. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण दाणे मारून केलेली सफाई, उत्तम झालं होतं, जाडी भरली होती, कागदपत्रं चोख होती. फक्त क्षारांची चाचणी राहिली होती. आभाळ भरून आलेलं, सगळ्यांना घाई, पत्रा तर राखाडी आणि स्वच्छ दिसत होता. ‘दिसतोय की स्वच्छ’ म्हणून सही करणारा मीच.

या कामाची गोम अशी की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला झाकून टाकते. प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, बसला की खालचे क्षार, धूळ, खडबडीतपणा यातलं काहीच मोजता येत नाही. दुसरा हात बसला की पहिल्याची जाडी वेगळी सांगता येत नाही. त्यामुळे जे मोजायचं ते त्याच वेळी मोजावं लागतं, नंतर उरतो तो अंदाज. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मानकं सलग वाचायला बसलात तर झोप येईल. पण कामाच्या क्रमाने हाताशी ठेवली तर प्रत्येक मानक त्या घडीच्या एका प्रश्नाचं उत्तर देतं. हा लेख त्याच क्रमाने जातो.

स्टील कुठे उभं राहणार आहे?

रंगाची निवड इथून सुरू होते, शेड कार्डावरून नाही. आयएसओ १२९४४ हे रंगाने गंजसंरक्षण करण्याचं मुख्य मानक. ते पहिल्यांदा १९९८ मध्ये आलं आणि २०१७ ते २०१९ च्या दरम्यान त्याची नवी आवृत्ती आली. त्याच्या दुसऱ्या भागात वातावरणाचे वर्ग आहेत: सी१ ते सी५, आणि त्यापुढे सीएक्स. वर्ग ठरतो तो उघड्या साध्या स्टीलची पहिल्या वर्षात किती झीज होते यावर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सी२ मध्ये १.३ ते २५ मायक्रॉन, सी३ मध्ये २५ ते ५०, सी४ मध्ये ५० ते ८०, सी५ मध्ये ८० ते २००, आणि सीएक्समध्ये थेट २०० ते ७००. कोरडी, गरम ठेवलेली खोली म्हणजे सी१. शहरी हवा साधारण सी३. रासायनिक कारखाना किंवा मध्यम खाऱ्या हवेचा किनारा सी४. खूप खारी, दमट हवा सी५. भर समुद्रातल्या बांधकामांसाठी सीएक्स. पाण्यात किंवा जमिनीत गाडलेल्या स्टीलचे वर्ग वेगळे: आयएम१ गोडं पाणी, आयएम२ समुद्राचं पाणी, आयएम३ माती, आणि आयएम४ म्हणजे समुद्राच्या पाण्यातलं, पण कॅथोडिक संरक्षण दिलेलं, म्हणजे विद्युत-रासायनिक मार्गाने गंज रोखलेलं स्टील.

एकाच बांधकामाला सरसकट एकच वर्ग लावू नका. पुलाच्या वरच्या बाजूवर पाऊस पडतो आणि मीठ धुऊन जातं. खालच्या फ्लँजच्या, म्हणजे तुळईच्या आडव्या पट्टीच्या, पोटाला पाऊस लागत नाही, मीठ मात्र साठत राहतं. कूलिंग टॉवरच्या वाऱ्याच्या बाजूचा पाइप रॅक आणि त्याच आवारातलं गोदाम यांचा वर्ग एक कसा असेल?

दुसरा प्रश्न, किती वर्षं टिकायला हवं? मानकात टिकाऊपणाचे चार पट्टे आहेत: ७ वर्षांपर्यंत कमी, ७ ते १५ मध्यम, १५ ते २५ उच्च, २५ च्या वर अत्युच्च. ही हमीची वर्षं नाहीत, मानक स्वतःच तसं बजावतं. पहिली मोठी देखभाल साधारण कधी लागेल, त्याचा हा नियोजनासाठीचा अंदाज आहे. बोलणी करताना हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की पुढे भांडण ठरलेलं.

आराखड्यात आणि फॅब्रिकेशनमध्येच निम्मा गंज थांबतो

पाणी साठेल असा खोलगट भाग, ब्रश पोचणार नाही अशी फट, तुटक वेल्डमुळे राहिलेली चीर, दोन अँगल पाठीला पाठ लावून केलेला जोड: अशा ठिकाणी जगातला कुठलाही रंग हरतो. आयएसओ १२९४४ च्या तिसऱ्या भागात हे सगळं चित्रांसह आहे. स्टिफनरच्या, म्हणजे पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या, कोपऱ्यात पाणी वाहून जायला खाच ठेवा आणि तिची त्रिज्या किमान ५० मिलिमीटर असू द्या, म्हणजे तिथे ब्लास्टचा नोझलही पोचेल आणि ब्रशही. चॅनल उताणा ठेवू नका. वेल्ड सलग मारा.

मग धारा. ओला रंग पृष्ठताणामुळे तीक्ष्ण धारेवरून मागे सरकतो. सपाट भागावर २०० मायक्रॉन मिळाले तरी धारेवर त्याच्या निम्मेही राहत नाहीत, आणि गंज बरोबर तिथूनच रेघ ओढल्यासारखा सुरू होतो. आयएसओ ८५०१-३ मध्ये वेल्ड, धारा आणि पृष्ठदोष यांच्यासाठी पी१, पी२ आणि पी३ अशा तयारीच्या तीन पातळ्या आहेत. पी३ मध्ये धार किमान २ मिलिमीटर त्रिज्येने गोल करायची, स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचा उडून चिकटलेला थेंब, एकही ठेवायचा नाही, अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेची खाच, आणि छिद्रं भरून घासायची. सी५ ला आणि पाण्याखालच्या कामाला पी३ मागा. मध्यम वातावरणाला पी२ पुरते. गॅसने कापलेल्या कडा आधी ग्राइंडरने खरवडून घ्या, कारण तिथला थर उष्णतेने कडक झालेला असतो. ब्लास्टचा दाणा त्यावर नीट खड्डा पाडू शकत नाही.

हे काम ब्लास्टिंगच्या आधी संपलं पाहिजे. ब्लास्ट झाल्यावर ग्राइंडर फिरला तर तेवढी जागा गुळगुळीत होते आणि रंगाला पकड मिळत नाही. काही दोष मात्र ब्लास्टिंगनंतरच उघडे पडतात, पत्र्याच्या पापुद्र्यासारखे. ते घासावेच लागतात, पण मग त्या ठिपक्यावर पुन्हा ब्लास्ट मारायचा.

आधी तेल, मग मीठ, मग ब्लास्ट

हा क्रम उलटा झाला की नुकसान वाढतं. तेलकट पत्र्यावर ब्लास्ट मारला तर तेल जात नाही. दाण्यांच्या माऱ्याने ते नव्याने तयार झालेल्या खड्ड्यांत दाबलं जातं. ग्रिट, म्हणजे ब्लास्टचा दाणा, फिरवून वापरत असाल तर तेच तेल पुढच्या चांगल्या पत्र्यावरही पोचतं. म्हणून आधी अल्कली डिटर्जंट आणि स्वच्छ पाणी, किंवा सॉल्व्हंट. अमेरिकी पद्धतीत याच पायरीला एसएसपीसी एसपी १ म्हणतात. सॉल्व्हंटने पुसताना एकच चिंधी बुडवून बुडवून वापरली तर तेल पत्राभर पसरतं. चिंधी बदला आणि शेवटचा हात कोऱ्या कापडाने फिरवा. झालं की पाण्याचा फवारा मारून बघा. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब थेंब गोळा झाले तर तेल अजून आहे.

आता क्षार. नवा, मिल स्केलसकटचा, म्हणजे गरम रोलिंगच्या वेळी बसलेल्या ऑक्साइडच्या थरासकटचा पत्रा असेल तर हा प्रश्न सहसा छोटा असतो. पण पत्रा किनाऱ्याजवळ पडून राहिला असेल, उघड्या ट्रेलरवरून आला असेल किंवा जुना खड्डे पडलेला असेल, तर क्लोराइड खड्ड्यांच्या तळाशी गंजाच्या थराखाली दडून बसतात. ब्लास्टने वरचा गंज उडतो, पत्रा चांदीसारखा दिसतो, मीठ मात्र तळाशी राहतं. वर रंग बसला की तो अर्धपारगम्य पडद्यासारखा वागतो. बाहेरची वाफ आत येते, मीठ ती धरून ठेवतं, आत दाब वाढतो आणि फोड येतो. माझ्या टाकीवर नेमकं हेच झालं होतं.

चाचणी आयएसओ ८५०२-६ आणि ८५०२-९ ची. आत पोकळी असलेला एक चिकट पॅच पत्र्यावर चिकटवायचा. नेहमीच्या पॅचचं क्षेत्रफळ १२.५ चौरस सेंटिमीटर. सिरिंजने त्यात डिआयनाइज्ड पाणी सोडायचं, आत-बाहेर करून घोळवायचं आणि परत काढून त्याची विद्युतवाहकता मोजायची. एकूण १५ मिलिलिटर पाणी वापरलं असेल तर वाहकतेतल्या प्रत्येक १ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर वाढीला साधारण ६ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर क्षार धरतात. मूळ पाण्याची वाहकता २ आणि पत्र्यावरून काढलेल्या पाण्याची ११ आली, तर फरक ९, म्हणजे ५४ मिलिग्रॅम. मूळ पाण्याचं वाचन वजा करायला विसरू नका, नवशिक्यांची ही ठरलेली चूक आहे. चालेल किती, ते रंगाच्या उत्पादकाने आणि करारानेच ठरवायचं. एक पक्का आधार हवा असेल तर जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये मंजूर केलेला दंडक आहे: सोडियम क्लोराइडच्या हिशेबात ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरपेक्षा जास्त नको. वरचं उदाहरण त्यात नापास.

नापास झालं तर गोड्या पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याने धुवा, वाळवा, पुन्हा ब्लास्ट मारा, पुन्हा मोजा. खोल खड्ड्यांच्या पत्र्याला हे चक्र दोनदाही करावं लागतं. चिंधीने पुसून मीठ जात नाही, फक्त जागा बदलतं.

एसए २½ म्हणजे नेमकं काय

आयएसओ ८५०१-१ हे चित्रांचं मानक, स्वीडनच्या जुन्या छायाचित्र-मानकातून आलेलं. ते आधी पत्र्याची मूळ स्थिती विचारतं. ए म्हणजे निळसर काळं मिल स्केल घट्ट, गंज जवळजवळ नाही. बी म्हणजे गंज सुरू, स्केल सुटायला लागलेलं. सी म्हणजे स्केल गंजून गेलेलं किंवा खरवडलं तर निघेल असं, बारीक खड्डे क्वचित. डी म्हणजे स्केल गेलेलं आणि खड्डे सगळीकडे उघड दिसणारे.

ए दर्जाचा पत्रा पाहून ‘हा तर छान आहे, वरून रंग मारू’ असं वाटतं. तो मोह टाळा. मिल स्केल विद्युत-रासायनिक दृष्ट्या स्टीलपेक्षा ‘उच्च’ आहे. त्याला तडा गेला की तड्यातलं उघडं स्टील अॅनोड होतं आणि मोठ्या स्केलच्या मानाने एवढ्याशा जागेतून झपाट्याने झिजतं. शिवाय स्केल स्वतःच सुटणारं आहे. त्यावर लावलेला रंग त्याच्याबरोबरच खाली येतो.

मग तयारीचे दर्जे. हाताची आणि मशीनची हत्यारं म्हणजे एसटी २ आणि एसटी ३. ब्लास्टिंग म्हणजे एसए १, एसए २, एसए २½, एसए ३. एसए २½ मध्ये साध्या डोळ्यांना तेल, मळ, स्केल, गंज, जुना रंग काहीही दिसता कामा नये. उरलेल्या खुणा फक्त ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या फिकट डागांएवढ्या चालतात. एसए ३ मध्ये तेही नाहीत, सगळीकडे एकसारखा धातूचा रंग. अमेरिकेत एसए ३ च्या जवळ एसपी ५, एसए २½ च्या जवळ एसपी १०, एसए २ च्या जवळ एसपी ६. हे दर्जे लिहिणाऱ्या दोन संस्था, एसएसपीसी आणि नेस, २०२१ मध्ये एकत्र येऊन एएमपीपी झाल्या, पण कामावर जुनीच नावं चालतात. जवळचे म्हणजे तंतोतंत नव्हेत. एसपी १० डागांना क्षेत्रफळाच्या ५ टक्क्यांची मर्यादा घालतं, आयएसओ टक्का न सांगता चित्र दाखवतं. करारात एकच पद्धत लिहा.

चित्राशी ताडताना मूळ दर्जाचं चित्र घ्या. बी पत्र्याचा एसए २½ आणि डी पत्र्याचा एसए २½ दिसायला वेगळे असतात, कारण डीच्या खड्ड्यांतल्या सावल्यांनी पत्रा काळसर दिसतो. त्या सावलीला गंज समजून कामगाराला पुन्हा पुन्हा ब्लास्ट मारायला लावणारे निरीक्षक मी पाहिले आहेत. ग्रिटप्रमाणेही छटा बदलते. म्हणून काम सुरू करताना एक चौरस मीटरचा नमुना तयार करा, दोन्ही बाजूंच्या लोकांनी तो पाहून सही करावी आणि वाद झाला की तिकडे बोट दाखवावं. टॉर्च तिरपी धरून पाहा. समोरून मारलेल्या उजेडात सगळंच चांगलं दिसतं.

एसटी ३ ला कमी लेखू नका, पण त्याची मर्यादा ओळखा. देखभालीच्या छोट्या जागांना, ब्लास्ट शक्य नसेल तिथे, ओलसर आणि थोड्या गंजलेल्या पृष्ठभागाला चालणाऱ्या इपॉक्सी मास्टिकखाली तो चालतो. झिंक-रिच, म्हणजे जस्ताचं प्रमाण खूप असलेल्या, प्रायमरखाली चालत नाही, कारण झिंकचे कण आणि उघडं स्टील यांच्यात विजेचा थेट संपर्क लागतो. वायर ब्रशने फार वेळ घासलं तर गंज जाण्याऐवजी चकाकी येते. ती चकाकी रंगाचा शत्रू आहे.

हवा, दाणा, खडबडीतपणा

कॉम्प्रेसरमधून येणारी हवा स्वच्छ आहे का, ते रोज पाहायचं. नोझलसमोर साधारण ६० सेंटिमीटरच्या आत पांढरं शोषक कापड धरून किमान एक मिनिट हवा सोडा. तेलाचा पिवळा डाग किंवा ओल दिसली तर काम बंद, आधी हवेतलं तेल-पाणी वेगळं करणारा सेपरेटर पाहा. दाब कॉम्प्रेसरच्या घड्याळावर वाचू नका. नोझलपाशी होजमध्ये सुईचा गेज टोचून वाचा. तिथे साधारण ७ बार मिळायला हवा. लांब, अरुंद होजमध्ये दाब कुठे गळतो ते तेव्हाच कळतं.

दाण्यात गोल शॉट आणि धारदार ग्रिट असे दोन प्रकार. शॉट गोल वाटीसारखे खड्डे पाडतो, ग्रिट कोनदार शिखरं-दऱ्या करतो. जाड रंगाला आणि झिंकला ग्रिटची पकड हवी. उघड्यावर गार्नेट किंवा कॉपर स्लॅग, बंद खोलीत फिरवून वापरायला स्टील ग्रिट. नवी पोती आली की मूठभर दाणा स्वच्छ पाण्याच्या बाटलीत हलवून बघा. वर तेलाचा तवंग आला तर पोती परत पाठवा. नदीची वाळू वापरू नका. तिची सिलिका धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. बाहेरून हवा मिळणारं हेल्मेट, हात सुटताच बंद होणारा डेडमॅन हँडल, आणि जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे का याची आधी तपासणी, या तीन गोष्टींवर तडजोड नको.

खडबडीतपणा मोजायला आयएसओ ८५०३ चा कम्पॅरेटर असतो, चार खंडांची एक छोटी धातूची पट्टी. ग्रिटसाठी जी, शॉटसाठी एस. जी पट्टीचे खंड साधारण २५, ६०, १०० आणि १५० मायक्रॉनचे. पत्र्यावर ती ठेवून डोळ्यांनी आणि नखाने ताडायचं: पहिल्या दोन खंडांमधला पृष्ठभाग ‘फाइन’, दुसऱ्या-तिसऱ्यामधला ‘मीडियम’, तिसऱ्या-चौथ्यामधला ‘कोर्स’. आकडाच हवा असेल तर पृष्ठभागाचा ठसा घेणारी रेप्लिका टेप घासून घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टेपच्या न दबणाऱ्या फिल्मचे ५० मायक्रॉन वाचनातून वजा करायचे. खडबडीतपणा जितका जास्त तितकी पकड चांगली, हा गैरसमज आहे. १२० मायक्रॉनच्या शिखरांवर ६० मायक्रॉनचा प्रायमर लावला तर टोकं उघडी राहतात आणि दुसऱ्या दिवशी पत्र्यावर लाल रवा उगवतो. रंगाच्या डेटा शीटवर पट्टा दिलेला असतो, तोच पाळा.

धूळ, दव आणि घड्याळ

ब्लास्टनंतर पत्रा ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. कोरड्या हवेने उडवलं तर धूळ पलीकडच्या पत्र्यावर बसते. मग आयएसओ ८५०२-३ ची टेप चाचणी. साधी पारदर्शक चिकटपट्टी पत्र्यावर लावायची, अंगठ्याने दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा दाबून घासायची, सोलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची आणि मानकातल्या चित्रांशी ताडायची. धुळीचं प्रमाण ० ते ५, कणांचा आकारही ० ते ५. टेप तारखेसकट नोंदवहीत डकवून ठेवा. अख्ख्या नोंदवहीत इतका बोलका पुरावा दुसरा नसतो.

दव हा त्याहून घातकी, कारण तो दिसतही नाही. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, आणि बहुतेक रंगांना सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू येतो सुमारे २६.२ अंश. म्हणजे पत्रा किमान २९.२ अंश हवा. रात्रभर थंड झालेला जाड पत्रा सकाळी ८ वाजता २७ अंशांवर असतो. हवा गरम झालेली असते, माणसाला घाम येत असतो, आणि पत्रा मात्र अजून ‘थंडच’. हवेचं तापमान पाहून परवानगी देऊ नका, पत्र्यालाच चुंबकी थर्मामीटर लावा. सावलीतली बाजू, सर्वांत जाड भाग, टाकीचा तळ, अशा वाईटात वाईट जागी मोजा. वाचन दर काही तासांनी घ्या. संध्याकाळी उन्हं उतरली की आकडे झपाट्याने बदलतात.

ब्लास्ट झालेल्या पत्र्याला जपणारं दुसरं काही नाही. दमट हवेत काही तासांत पिवळसर झाक येते. दर्जा खाली गेला की तो एसए २½ उरला नाही, पुन्हा ब्लास्ट. म्हणून आज जेवढं रंगवता येईल तेवढंच आज ब्लास्ट करा.

रंग: कुठला, किती, कसा

आयएसओ १२९४४ च्या पाचव्या भागात तयार रंगप्रणाली दिलेल्या आहेत. उदाहरण घेऊ: सी४, उच्च टिकाऊपणा. झिंक-रिच प्रायमर वापरणार असाल तर एकूण सुक्या थराची जाडी २०० मायक्रॉन. झिंक नसलेल्या इपॉक्सीवर तेच काम २४० मायक्रॉनला जातं. सी५ ला हे आकडे अनुक्रमे २६० आणि ३००. झिंक-रिच म्हणवून घ्यायला सुक्या थरात वजनाने किमान ८० टक्के झिंक लागतं. ‘झिंक प्रायमर’ लिहिलेला प्रत्येक डबा झिंक-रिच नसतो, डेटा शीट मागा. आपल्या २०० ची विभागणी अशी करता येईल: ६० झिंक इपॉक्सी, ८० इपॉक्सी, ६० पॉलियुरेथेन. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते, म्हणून वरचा हात पॉलियुरेथेनचा. प्रत्येक हाताचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे राहून गेलेली जागा लगेच दिसेल.

ओल्या थराचा हिशेब पाटीवर लिहून ठेवा. ओली जाडी म्हणजे सुकी जाडी गुणिले १००, भागिले घनभागाचा, म्हणजे सुकल्यावर उरणाऱ्या भागाचा, टक्का. मधल्या इपॉक्सीचा घनभाग ६० टक्के असेल तर ८० मायक्रॉनसाठी ओले १३३. त्यात १० टक्के थिनर घातला तर १३३ चे १४७ होतात. थिनर घालून जुन्याच आकड्यावर फवारणी केली की थर पातळ राहतो, आणि दोष मात्र गेजवर ढकलला जातो. ओल्या थराच्या दातेरी कंगव्याने दर काही मिनिटांनी मोजत राहा. सुकल्यावर कमी पडलं तर दुसऱ्या हाताचा खर्च आला.

दोन भागांचे रंग अर्धवट मिसळू नका. पूर्ण डबा, पूर्ण हार्डनर, मशीनने ढवळून. पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर रंग वापरता येण्याचा काळ, उन्हात झपाट्याने घटतो, आणि संपल्यावर रंग पातळ वाटला तरी वापरू नका, पकड गेलेली असते. इथिल सिलिकेट झिंकची रीत उलटी: त्याला पक्कं व्हायला हवेतली ओल लागते, फार कोरड्या हवेत तो भुसभुशीत राहतो. जाड मारला तर चिखलासारखा तडकतो.

धारा, वेल्ड, बोल्ट, भोकं, स्टिफनरचे कोपरे यांना आधी ब्रशने वेगळा हात द्या. यालाच स्ट्राइप कोट म्हणतात. स्प्रेने तिथे रंग बसल्यासारखा दिसतो, पण कोपऱ्यात हवा मागे उसळी मारते आणि पोकळी राहते. ब्रश रंगाला खड्ड्यात दाबतो. स्ट्राइप कोट वाचवून दिवसाला एक तास मिळतो. त्याची परतफेड काही वर्षांनी वेल्डच्या रेषेवर दिसते.

दोन हातांमधली वेळ दोन्ही बाजूंनी पाळा. किमान वेळेआधी दुसरा हात दिला तर सॉल्व्हंट अडकतो. कमाल वेळ उलटली तर इपॉक्सीवर दुसरा थर पकड धरत नाही, सोलून निघतो. तसं झालं असेल तर पृष्ठभाग घासून खरबरीत करा. थंड, दमट हवेत इपॉक्सीवर कधी कधी चिकट, तेलकट थर येतो. पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात नको.

जाडीची कसोटी

चुंबकी गेज आधी गुळगुळीत प्लेटवर फॉइल ठेवून पारखून घ्या. ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर तो शिखरांच्या वरून न मोजता थोडा आतून मोजतो, त्यामुळे वाचन वाढीव येतं. आयएसओ १९८४० यासाठी वजावट सांगतं: फाइन पृष्ठभागाला १० मायक्रॉन, मीडियमला २५, कोर्सला ४०. मीडियम पृष्ठभागावर गेजने २१० दाखवले तर खरे १८५ धरायचे.

स्वीकाराचा नियम तीन अटींचा. सरासरी ठरलेल्या जाडीएवढी किंवा जास्त. एकही वाचन ८० टक्क्यांखाली नको. ८० टक्के ते ठरलेली जाडी यांच्या मधली वाचनं एकूण संख्येच्या २० टक्क्यांपेक्षा कमी. आपलं लक्ष्य २०० आणि वाचनं २०, तर १६० ते २०० च्या मधली जास्तीत जास्त ३ चालतील, १६० च्या खालचं एकही नाही. वरच्या बाजूलाही मर्यादा ठरवा, सहसा ठरलेल्या जाडीच्या तिप्पट. फार जाड थर आतून ताणला जातो आणि कोपऱ्यात फाटतो. वाचनं सोयीच्या सपाट भागावर घेऊन वही भरू नका. फ्लँजचं पोट, पाइपची मागची बाजू, हात पोचत नाही ती जागा आधी मोजा.

पाण्याखालच्या अस्तराला छिद्रांची विजेची चाचणी करा. पातळ थराला ओल्या स्पंजची, जाड थराला उच्च विद्युतदाबाची. पकडीची चाचणी आयएसओ ४६२४ ने, डॉली, म्हणजे छोटा धातूचा ठोकळा, चिकटवून ओढायची. किती मेगापास्कलला सुटलं एवढंच लिहू नका, कुठून सुटलं तेही लिहा. स्टीलपासून सुटलं तर तयारीत चूक, दोन हातांच्या मधून सुटलं तर वेळ चुकली, गोंदातून सुटलं तर रंग त्याहून घट्ट. ही चाचणी रंग फाडते, म्हणून जागा आधी ठरवा आणि दुरुस्ती करा.

गरम झिंकचा पर्याय

लहान, सुटे भाग असतील तर रंगाऐवजी हॉट डिप गॅल्व्हनायझिंग तपासून पाहा. आयएसओ १४६१ नुसार ६ मिलिमीटरपेक्षा जाड स्टीलवर झिंकचा सरासरी थर किमान ८५ मायक्रॉन, ३ ते ६ मिलिमीटरवर ७०. सी३ मध्ये झिंकची पहिल्या वर्षाची झीज ०.७ ते २.१ मायक्रॉन असते, म्हणजे ८५ मायक्रॉन दशकानुदशकं पुरतात. सी५ मध्ये ती ४.२ ते ८.४ वर जाते आणि गणित पार बदलतं. तिथे झिंकवर रंगही द्या. त्याआधी बारीक, अधातूच्या दाण्याने हलका स्वीप ब्लास्ट, कमी दाबाने. जोरात मारला तर झिंकच उडून जाईल. बंद पोकळ नळी गरम झिंकमध्ये बुडवली तर आतली हवा आणि वाफ फुटते, म्हणून हवा जाण्याची भोकं आराखड्यातच ठेवायची.

उभं राहिल्यावर

स्कॉटलंडमधला फोर्थचा रेल्वे पूल १८९० पासून उभा आहे. कधीच न संपणारं रंगकाम म्हणून त्याचं नाव म्हणीसारखं घेतलं जातं. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावरचे जुने थर काढून उघड्या स्टीलपासून काचेच्या पापुद्र्यांच्या इपॉक्सीची नवी प्रणाली लावली, आणि ते ‘अखंड’ रंगकाम थांबलं. देखभालीत नुसते थर चढवत जाणं आणि खाली उतरून नव्याने सुरुवात करणं यातला फरक त्या पुलावर दिसतो.

तुमच्या बांधकामावर कधी उतरायचं, त्याचं मापही ठरलेलं आहे. आयएसओ ४६२८-३ मध्ये गंजलेल्या क्षेत्रफळाची चित्रं आहेत, आरआय ० ते आरआय ५. आरआय १ म्हणजे ०.०५ टक्के, आरआय २ म्हणजे ०.५, आरआय ३ म्हणजे १ टक्का, आरआय ४ म्हणजे ८. रंगवलेल्या भागांपैकी साधारण १० टक्के भागांवर आरआय ३ दिसायला लागला की पहिल्या मोठ्या देखभालीची वेळ झाली, असं आयएसओ १२९४४ धरतं. आकडे पाहा: आरआय ३ वरून आरआय ४ म्हणजे आठपट. एक टक्क्याला तुम्ही ठिपके दुरुस्त करत असता. आठ टक्क्यांना सगळं खरवडायला लागता.

म्हणून वर्षातून एकदा फेरी मारा, आणि समोरचा चकचकीत भाग पाहून परत फिरू नका. मी आधी आडवा होऊन खालच्या फ्लँजचं पोट पाहतो, मग बोल्टच्या डोक्यांखालची रेघ, मग पाणी वाहून जाण्याची खाच. तपकिरी ओघळ दिसला की त्याची जागा, तारीख आणि फोटो वहीत. सोबत जुन्या वहीतली त्या जागेची टेप, क्षारांचं वाचन आणि पत्र्याचं तापमान काढून बघतो. माझ्या त्या टाकीच्या वहीत क्षारांचा रकाना कोरा होता.